सदाफुली: एका काटक झुडपाचा बागेतील इतिहास

वाफ्याच्या कडेला आणि कुंडीत लावण्यासाठी जी बुटकी, फुलांनी भरलेली बहुवर्षायू झाडे, म्हणजे एका हंगामात न संपता अनेक वर्षे टिकणारी झाडे, आज जगभर विकली जातात, त्यांत सदाफुलीचे स्थान फार वरचे आहे. तिचा इतिहास बहुधा विसाव्या शतकातील औषधशोधापासून सांगितला जातो आणि तो शोध थोर आहे यात शंका नाही. परंतु बागेतली सदाफुली त्या शोधाहून सुमारे दोनशे वर्षांनी जुनी आहे आणि तिचा बागेतील प्रवास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. या प्रवासात वारंवार आढळणारी गोष्ट अशी की, हे झाड माणसाच्या निगेपेक्षा स्वतःच्या काटकपणावर पसरले, आणि जेथे जेथे त्याचे अति लाड झाले तेथे तेथे ते एक तर दुर्मीळ राहिले किंवा रोगाला बळी पडले.

वनस्पतिशास्त्रात सदाफुलीला कॅथरँथस रोझियस म्हणतात. कॅथरँथस या प्रजातीत जेमतेम आठ जाती असून त्यांपैकी सात मूळच्या मादागास्कर बेटावरच्या आहेत. उरलेली एक, कॅथरँथस पुसिलस, भारत व श्रीलंकेत आढळते. ही भारतीय जात लहान पांढऱ्या फुलांची आणि एका हंगामात संपणारी असून शेताच्या कडेला व पडीक जमिनीत तणासारखी उगवते. तिला बागेत कोणी आणले नाही, हे सदाफुलीच्या कीर्तीच्या तुलनेत लक्षात ठेवण्यासारखे आहे. सदाफुली मात्र बुंध्याशी लाकडासारखी होणारी, मोकळी वाढू दिल्यास दोन-तीन फूट उंच जाणारी झुडूपवजा वनस्पती आहे. तिची पाने समोरासमोर जोडीने येतात, ती तुकतुकीत असतात आणि त्यांची मधली शीर फिकट, जवळजवळ पांढरी दिसते. पान तोडले की पांढरट चीक येतो. तो इतका कडू असतो की शेळ्या आणि गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मादागास्करच्या दक्षिण भागातील वाळवंटी किनारा, खारा वारा, निकृष्ट जमीन आणि लांबलेला कोरडा काळ यांत टिकून राहण्यासाठी घडलेले हे शरीर आहे, आणि पुढे बागेत त्याच्या ज्या गुणांचे कौतुक झाले ते सर्व याच जडणघडणीतून आलेले आहेत.

फुलाची रचना जवळून पाहिल्यास या झाडाच्या लागवडीच्या इतिहासातील काही गोष्टींचा उलगडा होतो. पाच पाकळ्या वर पसरट दिसत असल्या, तरी त्या खाली एका बारीक, सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांब नळीत एकत्र आलेल्या असतात आणि त्या नळीचे तोंड टाचणीच्या डोक्याएवढे असते. तोंडाभोवतीच्या गडद वलयाला बागकामात ‘डोळा’ म्हणतात. परागकोश नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असतात आणि त्यांच्या लगेच खाली स्त्रीकेसराचे डोके असते. मात्र पराग ग्रहण करणारा भाग त्या डोक्याच्या वरच्या अंगाला नसून खालच्या कडेला असल्यामुळे वरून पडलेले पराग सहसा वाया जातात. लांब सोंडेचे फुलपाखरू किंवा पतंग मधासाठी नळीत सोंड घालतो तेव्हाच परागाची देवाणघेवाण नीट होते. काही वाणांत कीटकाविनाही बी धरते, आणि नव्या मुलखात ज्या झाडांचा वंश चालला त्यांत अशा झाडांचा वाटा मोठा असावा असे मानणे वाजवी आहे.

या झाडाची युरोपीय लेखनातील पहिली नोंद एटिएन द फ्लाकूर याच्या नावावर दिली जाते. मादागास्करच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोर्ट दोफाँ या फ्रेंच वसाहतीचा हा प्रमुख १६४८ ते १६५५ या काळात तेथे होता आणि परत गेल्यावर १६५८ मध्ये त्याने त्या बेटावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेटावरील लोक ज्या वनस्पती वापरत त्यांची यादी त्यात असून जाईसारख्या फुलांच्या व कडू मुळाच्या एका वनस्पतीची नोंद सदाफुलीची मानली जाते. म्हणजे पाश्चात्त्य जगाला हे झाड प्रथम कळले ते स्थानिकांच्या औषधज्ञानामुळे. शोभेचे झाड म्हणून त्याची ओळख व्हायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

अठराव्या शतकाच्या मध्यास मादागास्करहून आलेले बी फ्रान्समधील राजाच्या उद्यानात रुजले आणि तेथून ते लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी उद्यानात पोहोचले. औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये स्थापन केलेल्या या उद्यानाचा कारभार १७२२ पासून फिलिप मिलर याच्या हाती होता आणि त्या काळातील बागकामाचे सर्वांत मोठे कोशकार्य त्याच्याच नावावर आहे. त्याने या नव्या झाडाचे चित्र व वर्णन प्रसिद्ध केले, आणि १७५९ मध्ये लिनियसने त्याला व्हिन्का रोझिया असे नाव देऊन ते युरोपातल्या निळ्या फुलांच्या, जमिनीलगत पसरणाऱ्या व्हिन्काच्या प्रजातीत बसवले. फुलाच्या बाह्य रूपावरून केलेली ही जुळणी पुढे टिकली नाही. १८३७ मध्ये जॉर्ज डॉनने तिला वेगळ्या प्रजातीत घातले. रोपवाटिकांच्या व्यवहारात मात्र ‘विन्का’ हे जुने नाव आजतागायत चालू आहे, आणि पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकेतही रोपाच्या पट्टीवर तेच लिहिलेले दिसते.

इंग्लंडमध्ये सदाफुली जगवणे ही त्या काळी खर्चाची बाब होती. उष्ण प्रदेशातील झाडांसाठी जी तापवलेली काचघरे असत, त्यांत विटांचा खोल हौद बांधून तो चामडे कमावण्याच्या कारखान्यातून निघालेल्या ओकच्या सालीच्या चुऱ्याने भरत. हा ओलसर चुरा सावकाश आंबू लागला की त्यातून काही महिने मंद ऊब मिळत राही आणि कुंड्या त्यात काठापर्यंत पुरून ठेवल्या जात. अननसासाठी रूढ झालेली ही पद्धत सदाफुलीसारख्या नाजूक मानल्या गेलेल्या पाहुण्यांनाही लागू केली गेली. १७९३ च्या सुमारास विल्यम कर्टिसच्या वनस्पतिविषयक नियतकालिकात तिचे रंगीत चित्र छापले गेले, तेव्हाही ती काचघरातली चीज म्हणूनच ओळखली जात होती. आज जे झाड मुंबईत गटाराच्या कठड्याच्या भेगेतून उगवते, त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ युरोपात काच, कोळसा आणि पगारी माळी लागत होता. थंडीपुरती ही गरज खरी होती, पण तिच्यामुळे हे झाड नाजूक आहे हा समज ग्रंथांत बराच काळ रेंगाळला.

उष्ण कटिबंधात नेमके याच्या उलट घडले. ज्या झाडांचे बी लवकर मरते किंवा जी केवळ कलमाने वाढतात, ती दूर नेण्यासाठी १८३० च्या दशकात नॅथॅनियल वॉर्डची काचेची बंद पेटी यावी लागली. सदाफुलीला त्या पेटीची गरज नव्हती. तिचे बारीक काळे बी कोरडे राहिले तर खलाशाच्या खिशातूनही समुद्र ओलांडू शकते. एकदा जमिनीत पडले की पुढचे काम मुंग्या करतात, कारण त्या हे बी उचलून नेतात, आणि कडू पाल्यामुळे जनावरे रोपाला धक्का लावत नाहीत. एकोणिसाव्या शतकात हे झाड वेस्ट इंडीज, फिलिपाइन्स, मलाया, भारत आणि आफ्रिकेचा किनारा असे सर्वत्र इतके रुजले होते की ते मूळचे कोठले याविषयीच गोंधळ होऊ लागला.

भारतात ही वनस्पती परकी आहे, म्हणून चरक-सुश्रुतांच्या संहितांत तिचे वर्णन सापडत नाही. तिला प्राचीन आयुर्वेदाचा वारसा चिकटवणारे आजचे काही लेखन त्यामुळे ग्राह्य मानता येत नाही. परंतु परकेपण विसरायला लावण्याइतकी ती येथे एकजीव झाली. मराठीत सदाफुली, हिंदीत सदाबहार, गुजरातीत बारमासी, तमिळमध्ये नित्यकल्याणी, बंगालीत नयनतारा अशी नावे तिला मिळाली. यांतील बहुतेक नावांमागे एकच निरीक्षण आहे, ते म्हणजे बाराही महिने फुलणे. मोगरा, जाई, शेवंती यांचे हंगाम ठरलेले असतात आणि देवपूजेला फूल रोज लागते; अशा घरात, जेथे विकतची फुले परवडत नव्हती, तेथे अंगणातल्या सदाफुलीने फार मोठी सोय केली. तिला सुगंध नाही, हार गुंफायलाही ती सोयीची नाही, तरीही रोजच्या परडीत गुलाबी-पांढरी चार फुले हमखास पडत राहिली ती याच झाडामुळे.

महाराष्ट्रातील तिच्या लागवडीची रीत अत्यंत साधी होती, आणि साधेपणामुळेच ती कोणी लिहून ठेवण्याजोगी मानली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या झाडाखाली आपोआप उगवलेली रोपे उपटून तुळशी वृंदावनाच्या कडेला, कुंपणाच्या आतल्या अंगाला किंवा तळाशी भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात लावली जात; माती बहुधा मुरमाड, तांबडी किंवा वाळू मिसळलेली, खत असलेच तर मूठभर शेणखत. झाड उंच व विरळ होऊ लागले की शेंडे खुडत, म्हणजे फांदीचे टोक नखाने तोडून टाकत, त्यामुळे खालच्या पेरांतून नवे फुटवे येऊन झाड दाट होई. कमी जागेत आटोपशीर, भरगच्च झाड तयार करण्याचे हे तंत्र घराघरांत अवगत होते. पुढे बियाणे कंपन्यांनी हाच आकार अनुवंशात बसवला. पुण्याजवळ दापोडीत १८२८ मध्ये आणि गणेशखिंडीत १८७३ मध्ये सरकारी वनस्पती उद्याने सुरू झाली आणि पश्चिम भारतात परदेशी झाडे रुळवण्याचे मोठे काम तेथे झाले. सदाफुलीचा प्रसार समजून घ्यायचा तर मात्र अशा संस्थांच्या दप्तरांपेक्षा शेजारणींमधली रोपांची देवघेव अधिक महत्त्वाची ठरते. ज्या झाडाला संस्थेची गरज नसते त्याचा इतिहास दप्तरात कमी सापडतो, आणि म्हणूनच तो अधिक आस्थेने जुळवावा लागतो.

औषधाचा अध्याय थोडक्यात असा. जमैका, फिलिपाइन्स इत्यादी देशांत मधुमेहावर सदाफुलीच्या पाल्याचा काढा घेण्याची चाल होती. १९५२ मध्ये जमैकाहून या झाडाची २५ पाने पाकिटातून कॅनडातील एका डॉक्टरांकडे आली आणि त्यांनी ती वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात काम करणारे आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. उंदरांच्या रक्तातील साखरेवर फरक पडला नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याचे दिसले. ही अनपेक्षित बाब नोबल यांनी सोडून दिली नाही. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांच्या साहाय्याने १९५८ पर्यंत त्यांनी व्हिन्ब्लास्टीन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त व बहुधा कडू द्रव्य, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच सुमारास एलाय लिली या अमेरिकी कंपनीत गॉर्डन स्वोबोडा स्वतंत्रपणे याच झाडावर काम करीत होते, आणि तेथून व्हिन्क्रिस्टीन पुढे आले, ज्याला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांत या औषधाने घडवलेला बदल वैद्यकाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. ज्या बेटावरून हे झाड जगाला मिळाले त्याला या व्यवहारात वाटा देणारा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम त्या वेळी नव्हता. जैवविविधता करार झाला तो १९९२ मध्ये, आणि हा उशीर मादागास्करला महागात पडला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: जी द्रव्ये रुग्णालयात मोजून-मापून शिरेतून दिली जातात, तीच पानांत असतात, त्यामुळे मधुमेहासाठी रोज सकाळी सदाफुलीची पाने चावण्याचा महाराष्ट्रातही रूढ असलेला प्रघात धोक्याचा आहे.

बागेच्या इतिहासावर या शोधाचा परिणाम असा झाला की एकाच झाडाची निवड दोन विरुद्ध दिशांनी होऊ लागली. एक ग्रॅम औषध मिळवायला शेकडो किलो सुकी पाने लागत, म्हणून औषधी लागवडीला हवी होती ती उंच, पानांनी भरलेली, अल्कलॉइडांचे प्रमाण जास्त असलेली झाडे. तमिळनाडूच्या कोरड्या दक्षिण जिल्ह्यांत अशी शेती पसरली आणि तेथून पाने व मुळे निर्यात होऊ लागली. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने काढलेले ‘निर्मल’ व ‘धवल’ हे पांढऱ्या फुलांचे वाण याच दिशेचे आहेत. बागेला हवे होते ते याच्या उलट: ठेंगणे खोड, बुंध्यापासून फुटवे, कमी पाने आणि अधिक फुले.

ठेंगण्या सदाफुलीची मागणी निर्माण केली ती रोपे विकण्याच्या बदललेल्या पद्धतीने. पूर्वी माळी बी पेरून रोपे वाफ्यात लावत आणि झाड फुलेपर्यंत थांबत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपात रोप लहान कुंडीतच फुललेले विकण्याची चाल पडली, कारण ग्राहक फूल पाहून पैसे देतो. प्रत्येक कप्प्यात एक बी पेरायच्या प्लास्टिकच्या तबकांनी, ज्यांना प्लग ट्रे म्हणतात, या व्यापाराला यंत्राची गती दिली. अशा व्यवहारात जे झाड वीतभर उंचीवर फुलत नाही ते मागे पडते. सदाफुलीत आधी मिळालेले यश उंचीपुरते होते. नव्या बियाण्यांच्या चाचण्या घेऊन पुरस्कार देणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेने १९६९ मध्ये गौरवलेला ‘पोल्का डॉट’ हा पसरट, पांढऱ्या पाकळ्यांचा आणि लाल डोळ्याचा वाण त्या टप्प्याचा प्रतिनिधी आहे. रंग मात्र जुनेच राहिले: गुलाबी, लाल डोळ्याचा पांढरा आणि शुद्ध पांढरा. एन. डब्ल्यू. सिमंड्स यांनी १९६० मध्ये या रंगांच्या अनुवंशाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पण झाडाच्या स्वतःच्या भांडारात नसलेला रंग केवळ निवडीने आणता येत नाही.

ही कोंडी फोडली कनेक्टिकट विद्यापीठातील रोनाल्ड पार्कर यांनी. सदाफुलीचा तिच्याच प्रजातीतील मादागास्करच्या रानटी जातींशी संकर करून त्यांनी गडद गुलाबी व इतर नव्या छटा बागेच्या झाडात आणल्या, आणि १९९१ मध्ये ‘प्रिटी इन पिंक’, ‘प्रिटी इन रोझ’ व ‘पॅरासोल’ या त्यांच्या तीन वाणांना एकाच वर्षी पुरस्कार मिळाला. ज्या रानटी भावंडांकडे दोनशे वर्षे कोणी पाहिले नव्हते, त्यांच्यामुळे हे झाड नव्याने घडले, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना म्हणावी लागेल. त्यानंतरच्या वीस वर्षांत लाल, जांभळट, फिकट नारिंगी अशा रंगांची आणि टांगत्या कुंडीतून खाली झेपावणाऱ्या सदाफुलीची रांगच लागली. बहुतेकांची उंची फूटभर किंवा थोडी अधिक.

या भरभराटीसोबत संकटही आले. नव्या वाणांचे हजारो ताटवे सार्वजनिक बागांत लागले, त्यांना भरपूर खत आणि वरून फवाऱ्याने पाणी मिळू लागले, आणि फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारी कूज अमेरिकेच्या दक्षिण भागात ताटवेच्या ताटवे काळे पाडू लागली. या रोगाचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि पाणी उडाले की मातीतून पानांवर चढतात. म्हणजे वाळूत वाढलेल्या झाडाला रोजच्या शिडकाव्याने जपणे हेच त्याच्या नाशाचे साधन झाले. वाण बदलून यावर उपाय शोधला गेला आणि २००० नंतरच्या दशकात ‘कोरा’ या नावाने रोगाला बऱ्याच अंशी दाद न देणारी संकरित मालिका बाजारात आली. मूळ दोष लागवडीच्या रीतीत होता आणि तो आजही अनेक सोसायट्यांच्या बागांत तसाच आहे, जेथे सदाफुलीला गवताइतकेच पाणी दिले जाते. दुसरा रोग, ज्यात फुले हिरवी होऊन पानांसारखी दिसतात व पाने बारीक राहतात, तो फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवांमुळे होतो आणि तुडतुडे तो पसरवतात. त्यावर उपाय नाही, झाड उपटावेच लागते. तथापि या रोगाचे जंतू सदाफुलीत इतके सहज वाढतात की जगभरच्या प्रयोगशाळांत ते अमरवेलीच्या साहाय्याने सदाफुलीतच जतन केले जातात.

आज महाराष्ट्रातील रोपवाटिकांत मिळणारी ठेंगणी रोपे अनेकदा एफ-वन संकरित, म्हणजे दोन निवडक वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीची असतात. परागकोश नळीला चिकटलेले असल्यामुळे मादी म्हणून निवडलेल्या झाडाच्या फुलाची पाकळ्यांची नळी ओढून काढली की परागकोशही निघून येतात, आणि मग दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावता येतो. ही सोय असली तरी एकेका फुलावर हात फिरवावा लागतो, म्हणून असे बी महाग असते. या रोपांचे बी धरून पेरल्यास पुढच्या पिढीत उंची व रंग विस्कटतात. अंगणातल्या जुन्या गुलाबी सदाफुलीचे तसे होत नाही. तिच्या शेंगा जोडीने येतात आणि पिकल्यावर एका बाजूने उकलून बी सांडते, म्हणून हिरवा रंग पिवळसर होऊ लागताच त्या काढून कागदात सुकवाव्या लागतात. उगवणीसाठी या बियांना अंधार व ऊब दोन्ही लागतात. उघड्यावर विखुरलेले बी कमी उगवते, हलक्या मातीने झाकलेले आठ-दहा दिवसांत वर येते, आणि रोप स्थिरावेपर्यंत वाफा ओलसर असावा पण चिखल होता कामा नये. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत निचरा कमी आणि लोह अडकलेले असल्यामुळे पाने पिवळी पडतात. तेथे उंच वाफा करून मुरूम व वाळू मिसळणे हाच जुना व योग्य उपाय आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर, देशावरच्या खेड्यांत आणि जुन्या चाळींच्या गच्च्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आपोआप रुजत आलेले हे जुने वाण कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत. प्रत्येक ठिकाणच्या मातीने व पावसाने त्यांची स्वतंत्र निवड केलेली आहे, आणि अतिवृष्टीच्या कोकणात शतकभर तग धरून राहिलेल्या झाडांत कुजीला तोंड देणारे गुण असण्याचा संभव मोठा आहे. कृषी विद्यापीठांच्या उद्यानविद्या विभागांनी हे बी गावोगाव गोळा करून, ठिकाणाची नोंद ठेवून, शेजारी शेजारी लावून पाहण्याचे काम हाती घ्यायला हवे. सिमेंटच्या अंगणांमुळे आपोआप रुजण्याची जागा दरवर्षी कमी होत आहे.